ताणलेला लगाम

मांडवीच्या किनाऱ्यावर रोज संध्याकाळी एक म्हातारा भाड्याच्या फेरीसाठी घोडा घेऊन उभा असे. माणूस जयगडचा, पण उमेदीची वर्षं आखातात एका शेखच्या तबेल्यात गेलेली. कुणाशी बोलायच्या आधी तो खांद्यावरच्या पंच्याने घोड्याचे डोळे पुसायचा.

रत्नागिरीत तेव्हा नुकते टीव्ही आले होते. मी पुण्याला कॉलेजात एनसीसीत, इंग्रजी पद्धतीने घोडेस्वारी शिकलेलो. एकदा मी त्या घोड्यावर बसलो. म्हातारा काही सांगायला लागला, तर मी म्हटलं, “येतं मला,” आणि टाच मारली.

घोडा उधळला. थांबवायला मी लगाम ताणला, तसा तो जास्तच सुटला. समोर जेटीचे दगड!

मागून हाक आली, “अहो, सोडा तो लगाम! ताणताय कशाला?”

जिवाच्या भीतीने सोडला. चार ढांगांत घोडा उभा! माझा जीव भांड्यात पडला.

म्हातारा धापा टाकत आला. “तिकडे शर्यतीत लगाम ताणला की घोडा धावतो. ह्यालाही मी तेच शिकवलंय. तुम्ही पळ म्हणत होतात, तो बिचारा ऐकत होता.”

मग त्याने आधी घोड्याचं तोंड उघडून पाहिलं, नंतर माझे तळहात. दोन्ही शाबूत आहेत हे बघून मगच हसला.