परत गेलेले पैसे

वाटेतलं केर्ली गाव मागं पडलं तशी नजीराभाभींची चप्पल रस्त्यावर घासायला लागली. अनुजाबाईंनी चाल कमी केली. महिन्यातून एकदा त्या शिवाजी पेठेतून जोतिबाला चालत जायच्या, आणि शेजारच्या नजीराभाभी सोबतीला. "डॉक्टर म्हंत्यात चाला, साखर उतरंल. जोतिबा काय मला हाकलतोय व्हय?" असं भाभी दरवेळी म्हणायच्या.

आज त्यांनी डॉक्टरचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

नवरा मीरासाब वारल्यावर भाभींनी पेठेतल्या तालमींच्या फुटबॉल संघांच्या जर्स्या शिवून पोराला, फरहानला, मोठं केलं. आता तो अमेरिकेत एका लॉजच्या खोल्या झाडतो. व्हिसा संपून दीड वर्ष झालंय. दर महिन्याला तिथल्या एका दुकानातल्या खिडकीवरून तो आईच्या इन्सुलिनपुरते पैसे धाडतो. आता तिथल्या राज्यानं परदेशी जाणाऱ्या पैशांवर फी बसवलीय, आणि ती म्हणे बिनकागदाची माणसं धरायच्या खर्चाला जाते.

"माझ्या सुईसाठी त्यो पैसं धाडतो, आन् त्यातनंच त्याला धरायच्या गाडीत तेल पडतं, बाई." भाभी थांबल्या. "म्हणून गेल्या महिन्यात मी पैसं आणायला गेलेच न्हाई. म्हटलं, पडू देत तिथंच."

"मग?"

"परत गेलं की त्याच्याकडं! पुन्यांदा खिडकीवर जावं लागलं पोराला. पुन्यांदा वळखीचं कार्ड दाखवलं, पुन्यांदा फी भरली. बाहेर एक पांढरी गाडी हुती म्हणाला. त्यो आत असेपर्यंत हललीच न्हाई."

अनुजाबाई शाळेत शिक्षिका होत्या, आणि फरहान त्यांच्याच वर्गात शिकलेला. पाढा चुकला की न सांगता छडीसाठी हात पुढं करणारा.

"धाडू नको म्हणून सांगा की त्याला."

"सांगिटलं. तर म्हणतो, अम्मी, तू मरायची नाटकं करू नगंस, सुई घेतलीस का ते आधी सांग."

वळणावर जोतिबाचं शिखर दिसलं. इथं बाई नेहमी हात जोडून चांगभलं म्हणायच्या. त्यांनी हात उचलले, तेवढ्यात भाभींनी ते घट्ट धरले.

"माझं खोटं त्यो आवाजावरनं वळखतो. तुम्ही कधी खोटं बोलला न्हाईसा, हे त्याला ठावं हाय. तुम्ही फोन करा, बाई. सांगा, अम्मीची साखर उतरली, डॉक्टरनं सुई बंद केली."