मांडुळाचं दुसरं तोंड

मंडळी, आज सकाळी येरमाळ्याला आमच्या वावरात मांडूळ निघालं. काकूंनी लगेच त्याच्या दोन्ही टोकांना हळदीकुंकू वाहिलं.

म्या म्हणलं, "काकू, तोंड एकच हाय. दुसरं शेपूट. शत्रूनं डोकं सोडून शेपूट धरावं म्हणून तसं दिसतंय."

"शाळा शिकवू नको, हात जोड," काकू म्हणाल्या.

मग हीच माहिती फोटोसकट गावच्या ग्रुपवर टाकली आणि मांडूळ बांधापलीकडं सोडलं.

माहिती कुणीच वाचली न्हाय. दोन तोंडांचं जड मांडूळ गुप्तधन दाखवतं म्हणे! सगळ्यांचा एकच प्रश्न, "वजन किती?"

आता चौघं खोरी घेऊन आमचा बांध उकरतायत. जीव वाचवणारं शेपूटच त्या बिचाऱ्याच्या जिवावर उठलंय.

फोटो ग्रुपवरनं काढला. ह्या माणसांना वावरातनं कसं काढू?