भडक्याच्या रागाचे तीन अंश

त्या माणसाला सगळे भडका म्हणायचे, आणि ते नाव काही लाडाने पडलेलं नव्हतं. लढाऊ यान चालवायचा. वर, आभाळाच्याही वर, जिथे आपली हद्द संपते आणि दुसऱ्यांची सुरू होते, तिथे गस्त घालायची, कोणी आत घुसलं तर हुसकावून लावायचं, हे त्याचं काम. ऐकायला केवढं मोठं वाटतं! पण रोजचं बघाल तर कारखान्यात जाणाऱ्या माणसासारखंच. सकाळी डबा घ्यायचा, फेरीच्या यानात दाटीवाटीने बसून वरच्या धक्क्यावर जायचं, तिथून आपलं यान सोडायचं, सहा तास फिरायचं, पुन्हा धक्क्याला लावायचं आणि दिवेलागणीला घरी. एवढ्याशा कामाचा माज किती! जिना चढताना बुटांचा असा आवाज करायचा, की खालच्या मजल्यावरची बाई म्हणायची, "आले बाई, आभाळ पाडून आले."

बाप छत्र्या दुरुस्त करायचा, अगदी गरीब गाय माणूस. आई लवकर गेली, मोठ्या बहिणीने वाढवलं. नऊ वर्षांचा असताना भिंतीवरचं घड्याळ मागे पडलं म्हणून याने ते उतरवून पायाखाली चिरडलं. ताई म्हणाली, "अरे, किल्ली द्यायची राहिली होती माझ्याकडून." तर म्हणतो कसा, "मग तू चिरडलंस." स्वतःची चूक कबूल करायची म्हटलं की त्याची वाचाच बसायची. मोठेपणी न्हाव्याशी भांडला आणि अर्धी दाढी तशीच ठेवून उठून आला. दोन दिवस तसाच हिंडला, कारण दुसऱ्या न्हाव्याकडे जाऊन ती उतरवली असती तर पहिल्याला वाटलं असतं, मी जिंकलो. असलं ते डोकं! मग याला यान दिलं कुणी? तर नजर घारीसारखी आणि हात चपळ. रागाची परीक्षा कुठे घेतात?

यानात माणसं दोन. पुढे पायलट, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून मागे वाटाड्या. वाटाड्याने पडद्यावर बघून सांगायचं, "उजवीकडे वीस अंश." पायलटने दांडा तेवढाच वळवायचा आणि समोरच्या काट्यावर बघून खात्री करून घ्यायची. नियमच होता तसा. पण भडका काट्याकडे ढुंकून बघायचा नाही. "काटा बघतात ते शिकाऊ. माझा हात हाच काटा," म्हणायचा.

पहिला वाटाड्या पाच महिन्यांत पळाला. दुसऱ्याने लेखी अर्ज दिला, की मला भांडी घासायला पाठवा पण या माणसामागे बसवू नका. मग आला तिसरा. बुटका, पोट सुटलेला, शिंप्याचा मुलगा असून सदऱ्याचं एक बटण कायम तुटलेलं.

भडका त्याला बघून म्हणाला, "हे पोतं कुठून उचलून आणलं?"

"पोतं असलेलं बरं, साहेब," वाटाड्या म्हणाला. "मागे वजन असलं की पुढचं फार उडत नाही."

तीन दिवसांत त्या बुटक्याने एक गोष्ट ओळखली. भडका शांत असला की वीस म्हणजे वीस. पण डोकं फिरलेलं असलं की त्याचा हात पुढे जायचा. वीस सांगितले की बावीस, फार चिडला असेल तर चोवीस. त्याला स्वतःला पत्ताच नसायचा, काटा बघेल तर ना! आता दुसरा कुणी असता तर वरच्या साहेबांना सांगून मोकळा झाला असता. पण हा पडला शिंप्याचा मुलगा. कापड धुतल्यावर किती आटणार हे धरूनच शिंपी बेततो. तसं याने भडक्याला बेतायला घेतलं. वीस हवे असले की सतरा सांगायचा. भडका रागाने तीन जास्त वळवायचा, आणि यान बरोबर वीसला जायचं.

पण रोज राग किती, हे आधी कळणार कसं? तर हा सकाळी भडक्याच्या बायकोला फोन लावायचा. ती दवाखान्यात मलमपट्टी करायची, जरब असलेली बाई.

"वहिनी, आज किती?"

"आज तीन धरा, भाऊजी. एक मोजा सापडला नाही."

"आणि डबा?"

"डबा विसरून गेलेत. चारच धरा."

अकरा वर्षं हे चाललं. अकरा वर्षं भडक्याचं यान दोरीत चालल्यासारखं चाललं. दोन पदकं मिळाली. ती त्याने जेवणाच्या टेबलासमोर टांगली, म्हणजे घास घेताना दिसावीत. आलेल्या प्रत्येकाला हात पुढे करून दाखवायचा, "हा बघा. याला काटा लागत नाही." आणि वाटाड्याला काय मिळालं? शिव्या. हळू बोललास, मोठ्याने बोललास, तुझ्या श्वासाचा आवाज येतो. बिचाऱ्याची आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी तो कामावर आला, घसा बसलेला, तर हा म्हणाला, "आज बेडूक पाठवलाय वाटतं."

तरी एक होतं, खोटं कशाला बोला. दुसरा कुणी वाटाड्याला पोतं म्हणाला, तर भडका त्याची गचांडी धरायचा. "पोतं मी म्हणायचं. तुझं काय घेणंदेणं?" वाटाड्या आजारी पडला की हा पण रजा टाकायचा, दुसऱ्याबरोबर उडायचा नाही. एकदा हद्दीवर यानाचे सगळे दिवे गेले, समोर काळाकुट्ट अंधार, तेव्हा मागून नुसता आवाज येत होता, "पंधरा... आता आठ... आता सरळ," आणि त्या आवाजाच्या मागे हा लहान मुलासारखा मुकाट्याने गेला. परत आल्यावर आभार मानले का? नाव नको. म्हणाला, "फार बडबड करतोस."

मग वाटाड्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. दोन महिने सुट्टी. आता दोन महिने तर रजा मिळत नाही, तेव्हा भडक्याच्या मागे एक नवीन मुलगी बसली. ताठ, नीटनेटकी, वेणी घट्ट घातलेली, आणि आकडा सांगायची तो खरा सांगायची. पहिल्याच आठवड्यात धक्क्याला लागताना ती म्हणाली, "डावीकडे वीस." याने तिच्यावर आधीच आरडाओरडा केलेला, त्या तिरमिरीत दांडा वळवला, आणि यानाचा पंख धक्क्याच्या खांबावर असा घासला की पत्रा सोलून निघाला. धक्क्यावरचा माणूस उडी मारून वाचला.

चौकशी बसली. मोठ्या मॅडम मधे, दोन साहेब आजूबाजूला, आणि लिहून घेणारा कारकून.

भडका टेबलावर हात आपटून म्हणाला, "ही मुलगी खोटे आकडे देते!"

"मी वीस सांगितले, हे तेवीसला गेले," मुलगी म्हणाली. "यानात बोललेलं सगळं रेकॉर्ड होतं. ऐका."

ऐकलं. पोरगी खरी होती. गप्प बसायचं की नाही माणसाने? पण नाही!

"मग जुनं काढा!" भडका ओरडला. "अकरा वर्षांचं काढा! माझा एक अंश चुकला असेल तर मिशी उतरवीन!"

काढलं जुनं. आणि मॅडमच्या कपाळावर आठ्या चढायला लागल्या. त्या दिवसाच्या नकाशाप्रमाणे हवे होते वीस, वाटाड्या सांगतोय सतरा. हवे होते तीस, सांगतोय सव्वीस. दिवसामागून दिवस, वर्षामागून वर्षं, सगळे आकडे खोटे. त्या कामात याहून मोठा गुन्हा नाही. वाटाड्याने जाणूनबुजून खोटा आकडा दिला की त्याला काढून टाकतात आणि पुन्हा कुठल्याच यानात पाय ठेवू देत नाहीत. म्हणजे याने स्वतःच्या फुशारकीपायी त्या गरिबाच्या गळ्यात दगड बांधला.

वाटाड्याला बोलावलं. डोळ्यावर हिरवी पट्टी, एका हाताने भिंत चाचपत आला.

"का दिलेत खोटे आकडे?" मॅडमनी विचारलं.

"सवय लागली, मॅडम," एवढंच म्हणाला. खरं सांगितलं तर भडक्याची खुर्ची जाणार, आणि खुर्चीशिवाय त्या माणसात दुसरं आहे काय, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

आणि भडका? "अकरा वर्षं मला फसवलं याने!" म्हणून सगळ्यांसमोर गरजला. मान खाली घालून वाटाड्या भिंत चाचपत परत गेला.

संध्याकाळी घरी येऊन हा बायकोला तावातावाने सांगायला लागला, की पोतं कसं हरामखोर निघालं. ती पोळीचं पीठ मळत होती. तशीच पिठाच्या हातांनी वळली.

"आकडे त्यांनी नाही, मी दिलेत," ती म्हणाली. "सकाळी मी सांगायचे, आज तीन, आज चार."

"कसले तीन?"

"तुमच्या रागाचे! राग आला की तुमचा हात वाहवतो. तेवढे ते आधीच कापून घ्यायचे, म्हणून सरळ चाललात. त्या बघा तुमच्या पदकांवर धूळ बसलीय. मी पुसत नाही ती. लाज वाटते."

हात उगारेल, ताट फेकेल, काहीतरी करेल असं तिला वाटलं होतं. तो स्टुलावर बसला आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला, जणू दुसऱ्याचाच हात चुकून घरी आणलाय.

"काढतील त्याला?" त्याने विचारलं.

"उद्या काढतील. तुम्हीच तर ऐकवलंत त्यांना."

दुसऱ्या दिवशी चौकशीत हा उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, त्याचा दोष नाही. माझा हात जास्त जातो. सरावाच्या खुर्चीत बसवा आणि बघा."

आयुष्यात पहिल्यांदा चूक कबूल केली, आणि ती पण अशा तोऱ्यात, की बक्षीस मागायला आलाय! सरावाची खुर्ची खालच्या मजल्यावर होती, दांडा आणि काटा सगळं खऱ्यासारखं. हा पुढे बसला. मागे वाटाड्या, डोळ्यावर पट्टी, नुसते आकडे सांगायला.

"उजवीकडे वीस," वाटाड्या म्हणाला.

दांडा वळला. काटा बरोबर वीसवर.

पुन्हा, "डावीकडे तीस." बरोबर तीस. पाच वेळा केलं, पाचही वेळा चोख. मॅडम म्हणाल्या, "तुमचा हात तर व्यवस्थित आहे. म्हणजे यांनी विनाकारणच खोटं सांगितलं, आणि तुम्ही नजरेच्या जोरावर सावरून घेतलंत." आणि कारकुनाकडे बघून, "लिहा."

भडक्याला घाम फुटला. त्याला त्या दिवशी राग आलेलाच नव्हता, भीती वाटत होती, आणि भीतीने हात ताळ्यावर होता. आयुष्यभर न बोलावता येणारा राग आज बोलावून येईना.

"थांबा, थांबा, लिहू नका!" तो म्हणाला. "मॅडम, आधी मला राग आणा."

कारकून फिसकन हसला. मॅडम म्हणाल्या, "काय आणू?"

"राग! कुणीतरी चिडवा मला!"

वेणीवाली मुलगी म्हणाली, "तुम्हाला यान चालवता येत नाही."

"हे तू परवाच म्हणालीस. नवीन काहीतरी बोल." काटा वीसवरच.

एका साहेबांनी त्याचा बाप काढला. काही नाही. मग मागून वाटाड्याने घसा खाकरला. अकरा वर्षांत त्याने या माणसाला एक वाकडा शब्द बोललेला नव्हता.

"तुला पदक घातलं ना," तो म्हणाला, "तेव्हा टाळ्या वाजवताना मला हसू आवरत नव्हतं. लहान पोराला सायकल शिकवताना कुणीतरी मागून धरतं, तसा धरला होता मी तुला. आणि तू वेडा आपला पुढे बसून घंटी वाजवतोयस. लोकांना दाखवतोयस, बघा, मला येते! कीव यायची रे तुझी. उजवीकडे वीस."

भडक्याच्या मानेपासून लाली वर चढली ती थेट टकलापर्यंत. दांडा कचकन वळला. काटा चोवीसवर.

"डावीकडे दहा."

पंधरा!

"बघा!" भडका खुर्चीत उठून ओरडला. "बघा, मी सांगत होतो ना! पाच जास्त! म्हणालो नव्हतो मी?" आणि जिंकल्यासारखा सगळ्यांकडे बघत राहिला. आपण काय जिंकलो, हे त्याच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. मॅडमनी सांगितलं तेव्हा शिरलं. वाटाड्याला लेखी समज देऊन सोडलं, डोळे बरे झाले की कामावर. भडक्याने पुन्हा दांड्याला हात लावायचा नाही.

आता तो धक्क्यावर येणाऱ्या यानांना साखळ्या अडकवतो आणि प्रत्येक पायलटला नावं ठेवतो. शिवाय भेटेल त्याला सांगतो, की मित्रासाठी मी मुद्दाम दांडा जास्त वळवला, पायलटच्या खुर्चीवर लाथ मारली. मेल्याने जन्मात एक चांगली गोष्ट केली, ती पण खोटी करून सांगतो. वाटाड्या जवळ असला तर मान हलवून म्हणतो, "हो, मुद्दामच." ती वेणीवाली मुलगी आता पायलट झालीय, वाटाड्या तिच्या मागे बसतो आणि खरे आकडे सांगतो.

सकाळी फेरीच्या यानात भडका आपला डबा शेजारच्या जागेवर ठेवून बसतो. कुणी बसायला लागलं की खेकसतो. वाटाड्या आला की डबा उचलतो, पण तोंड खिडकीकडे.

"सायकलचं बोललास ते मागे घे," रोज म्हणतो.

"नाही घेत," वाटाड्या म्हणतो, आणि शेजारी बसतो.