पडद्याकडे पाठ

निजामाच्या राज्यात औरंगाबादेत आमच्या घरच्या सुनांना पडदा होता. सासऱ्यांनी आम्हा जावांना इंग्रजी शिकवायला उर्दू शाळेतले एक मास्तर ठेवले होते. मधे पडदा असूनही ते पडद्याकडे पाठ करूनच बसायचे. बोलताना प्रत्येक फ्रेजनंतर, म्हणजे शब्दसमूहानंतर, थांबून पानाच्या डबीवर बोट वाजवायचे. आमचा आवाज परक्याच्या कानी पडू द्यायचा नाही, म्हणून उत्तरं बांगड्यांनी द्यायची. नामाची फ्रेज असली तर एकदा वाजवायच्या, क्रियाविशेषणाची असली तर दोनदा.

"अंडर द ट्री," ते एकदा म्हणाले. "पीछे वाली बेटी बताव."

मागं मी बसायचे, मला पहिल्यांदाच विचारलं होतं. उत्तर येत होतं, पण नवरा गेला तेव्हाच माझ्या बांगड्या फुटल्या होत्या.

थोरल्या जाऊबाईंना राहवलं नाही. "मास्तर, तिच्या हातात बांगड्या नाहीत हो."

डबीवरचं बोट थांबलं. मग ते ओसरीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "आज से चूड़ियां नको बजाव. सब मुँह से बोलना. बोलो बेटी."

ओसरीवर सासऱ्यांचा हुक्का गप्प झाला. मी उत्तर दिलं, चांगलं मोठ्यानं.

जरा वेळानं हुक्का पुन्हा गुडगुडला. मास्तरांनी मागं न बघता पुढचं वाक्य सांगितलं.