संडासाची किल्ली

आमच्या एमआयडीसीतल्या गोडाऊनात बायकांच्या संडासाला कुलूप असायचं. पुरुषांच्या नाही. किल्ली सुपरवायझर गुरुप्रसादच्या खणात. मागायची आणि जायचं.

दमयंती मयेकर नवीन लागली तेव्हा ही रीत तिला मीच सांगितली. नाटे बंदरावर वीस वर्षं मासे विकलेली बाई, मुलीच्या कॉलेजसाठी रत्नागिरीत आलेली.

"कुलूप कशाला?" तिने विचारलं. मी तिला खण दाखवला.

दुपारी ती दुसऱ्यांदा किल्ली मागायला गेली. सगळ्या हमालांच्या देखत गुरुप्रसाद हसत म्हणाला, "परत? आत्ताच जाऊन आलात ना?"

ती धुमसतच खोक्यांवर लेबलं लावायला बसली. "आणि तुम्ही हे ऐकून घेता?"

"आम्ही पाणीच कमी पितो," मी म्हटलं. तिने माझ्याकडे असं बघितलं, की त्यापेक्षा कानाखाली मारली असती तर परवडलं असतं.

तिसऱ्या दिवशी तिने घरून कुलूप आणलं, सकाळच्या चहानंतर पुरुषांच्या संडासाला ठोकलं आणि किल्ली कमरेला खोचली. दुपारी गुरुप्रसाद तणतणत आला. "किल्ली द्या आधी!"

"परत?" अख्ख्या गोडाऊनला ऐकू जाईल अशी ती ओरडली. "सकाळीच जाऊन आलात ना?"

संध्याकाळपर्यंत दोन्ही कुलपं निघाली. आता मी कामावर बाटलीभर पाणी पिते, आणि घोटाघोटाला मला माझाच राग येतो. चार वर्षं मी तहानलेली बसले, आणि नव्या बाईलाही तेच शिकवायला निघाले होते.