दंडारीतल्या खुन्याची पूर्वपीठिका

दारव्ह्याच्या तहसील कचेरीसमोर एक कडुलिंब होता. त्याच्या एका अंगाला माझी पेटी व चटई आणि दुसऱ्या अंगाला एका न्हाव्याचा बसका दगड, अशी आमची वाटणी होती. माझे शिक्षण सातवीत थांबले. परंतु अर्जनवीस म्हणून मी लिहिलेला कागद कचेरीने क्वचितच परत केला, आणि मॅट्रिक झालेली माणसेही आपला मजकूर मला दाखवून नेत, हे येथे नमूद करणे भाग आहे. आमचे गिऱ्हाईक बहुधा एकच असे. तारखेला आलेला माणूस आधी न्हाव्यापुढे बसून दाढी करी आणि मग माझ्यापुढे बसून गाऱ्हाणे सांगे. त्यामुळे न्हाव्याचा धंदा बसला, तेव्हा ते सर्वांआधी माझ्या लक्षात आले.

झाले ते असे. बौद्ध वस्तीने दीक्षा घेतल्याला तेव्हा चार-पाच वर्षे झाली असतील. पावसाळा सरल्यावर गावाबाहेर तंबूचे टाकीज आले व त्यात एक भीतीचा सिनेमा लागला. डाकबंगल्यात उतरणाऱ्या मुसाफिरांना एक माणूस मारीत सुटतो. का मारतो हे शेवटच्या रिळापर्यंत कळत नाही. दंडार म्हणजे आमच्याकडचे नाचगाण्याचे लोकनाट्य; गावातल्या दंडार मंडळीचा म्होरक्या एक शिंपी होता. त्याने दिवाळीत हीच गोष्ट दंडारीत उभी केली. सिनेमातला खुनी दोरीने गळा आवळी. दोरी लांबून दिसत नाही म्हणून शिंप्याने खुन्याच्या हाती वस्तरा दिला, आणि वस्तरा ज्याचा होता त्यालाच खुनी केले. न्हावी अंगाने किरकोळ आणि बोलण्यात मऊ. परंतु गॅसबत्तीच्या उजेडात त्याने पाते उघडून चामड्याच्या पट्ट्यावर सावकाश फिरवले, तेव्हा पुढच्या बाया लेकरे घेऊन मागे सरकल्या. खेळाची फार तारीफ झाली.

त्यानंतर दगड रिकामा राहू लागला. त्याच्याशी कोणी भांडले नाही. लोक त्याला रामराम करीत, खेळातल्या कामाबद्दल शाबासकी देत, आणि वाढलेल्या दाढीनिशी माझ्यापुढे येऊन बसत. बांधाच्या तंट्यासाठी खेटे घालणारा एक मोठा शेतकरी, जो आजवर त्या दगडावर बसल्याशिवाय कचेरीची पायरी चढला नव्हता, त्याने मला हळूच कारण सांगितले. मान वर केली की वर त्याचा तोच चेहरा दिसतो, म्हणाला. बाकीचे मोटार स्टँडवरच्या दुसऱ्या न्हाव्याकडे जाऊ लागले. आमच्या न्हाव्याची सासुरवाडी नेरची. असेच चालले तर हत्यारांची धोपटी उचलून बायकामुलांसह तिकडे जाऊन राहावे लागेल, असे तो बोलू लागला. सासऱ्याच्या दारात वस्तरा चालवण्याची त्याला लाज वाटत होती.

एके दिवशी तो माझ्या चटईवर येऊन बसला. "मुनशीजी, साहेबाले एक अर्ज लिहा. मी खुनी नाही म्हणून."

जो आरोप कोणी ठेवलाच नाही त्याचा इन्कार कचेरीत चालत नाही, हे मी त्याला समजावले. परंतु विचार केल्यावर मूळ दोष माझ्या ध्यानात आला. कोणत्याही अर्जात मागणीच्या आधी हकीकत यावी लागते. या खुन्याला हकीकतच नव्हती. आणि ज्याला हकीकत नाही तो खुनी कोणीही असू शकतो, दाढी करणाराही. म्हणून मी शिंप्याला सुचवले की येत्या बाजारी या गोष्टीच्या आधीची गोष्ट करावी: हा माणूस खुनी होण्यापूर्वी कोण होता आणि खुनी कसा झाला. शिंप्याला कल्पना पटली, पण त्याला त्यात स्मशान आणि चेटूक हवे होते. मी ते साफ नाकारले. एक साधा न्हावी, गाव त्याला वाळीत टाकते, त्याच्या दगडावर कोणी बसत नाही, आणि शेवटी तो पाटलावर वस्तरा उगारतो, असे मी लिहून दिले.

न्हाव्याने ऐकून एवढेच मागितले की खुनाच्या आधी एका माणसाची दाढी सर्वांसमोर खरोखर करू द्यावी. माणूस जसा बसला तसा उठलेला लोकांना दिसू दे. मागणी रास्त होती. पण मंडळीत बसायला कोणी तयार होईना. शिंप्याने स्वतःच्या गालावरचे खुंट चाचपले आणि म्हणाला, "मले तं दाढीच येत नाही, राजेहो."

तालीम त्याच्या दुकानाच्या ओसरीवर चाले. बौद्ध वस्तीतले एक शाळामास्तर रस्त्यावर उभे राहून ऐकत होते. त्या वस्तीतल्या पुरुषांच्या अंगाला गावातले न्हावी वस्तरा लावीत नसत. आमचाही लावीत नसे. ते लोक आपले केस आपसांत कापीत. तशी रीत होती, आणि तिच्याबद्दल माझ्याकडे कोणी अर्ज लिहवून घेतला नव्हता.

"मुनशीजी," मास्तर म्हणाले, "गावानं त्याले टाकलं हे बराबर लिहिलं. पण काहून टाकलं?"

ते ओघाने समजते, असे मी म्हणालो.

"नाही समजत. त्यानं दाढी कोणाची केली ते लिहा." मग ते ओसरीवर चढले. "बसतो मी."

शिंपी सुईत दोरा ओवू लागला. न्हाव्याने साबणाची वाटी पुढे ओढली आणि पुन्हा मागे सारली. "गुरुजी, लोक काय म्हणतीन?"

"आता काय म्हणून राह्यले?"

"काही नाही. येतच नाही कोणी."

"मंग?"

बाजाराच्या दिवशी दिवेलागणीला खेळ सुरू झाला. मास्तर पाटावर बसले आणि त्यांनी मान वर केली. न्हाव्याने फेस केला. मग गालाला वस्तरा टेकवला. मागून कोणी तरी विचारले, "मास्तर, घरी सांगून आले काय?" आणि हशा पिकला. पाटावर कोण बसले आहे हे ओळखून पुढचे काही वडीलधारे उठून गेले. ते भीतीने गेले नाहीत. न्हाव्याने दाढी पुरी केली, तुरटी फिरवली, आरसा दाखवला.

आता ठरल्याप्रमाणे पाटील झालेला शिंपी फेटा बांधून आला आणि त्याने गावाचा निकाल सुनावला. येथे खून व्हायचा होता. न्हाव्याने वस्तरा धुतला, मिटला आणि धोपटीत ठेवला. शिंप्याने निकाल पुन्हा, आणखी मोठ्याने सुनावला.

"आज खून नाही होत, पाटील," न्हावी म्हणाला. "वस्तरा धुतला."

ढोलकीवाल्याला काही सुचेना म्हणून त्याने ढोलकी वाजवली, आणि लोक कुरकुरत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी कडुलिंबाखाली पोहोचलो तेव्हा दगडावर मास्तरांचा चुलतभाऊ बसला होता आणि भिंतीच्या कडेला त्यांच्या वस्तीतले आणखी दोघे उकिडवे होते. बांधाच्या तंट्याचा तो शेतकरीही आला. त्या लोकांना उठायला सांगा, असे तो मला म्हणाला. मी निरोप पोहोचवला. न्हाव्याने मान वळवली नाही.

"नंबर आहे, मालक. बसा."

शेतकऱ्याने स्टँडच्या रस्त्याकडे पाहिले, मग कचेरीच्या दाराकडे पाहिले, जिथून त्याचा पुकारा कोणत्याही घटकेला होणार होता. तो माझ्या चटईच्या कडेवर बसला. त्याच्यासारखे बाकीचे कित्येक मात्र पुन्हा त्या झाडाखाली आले नाहीत, आणि स्टँडवर न्हाव्याला नावे ठेवत राहिले. पण नेरला जाण्याची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही.

पाळी आल्यावर शेतकऱ्याने वस्तरा दुसऱ्यांदा धुवायला लावला. न्हाव्याने धुतला आणि त्याच्यापुढे धरून दाखवला. साबण लागल्यावर शेतकरी म्हणाला, "रातचा खेळ अर्धाच राह्यला. मंग तो खुनी झाला कसा?"

"त्याच्या दगडावर कोणी बसलंच नाही, मालक. मान वर करा."

शेतकऱ्याने मान वर केली. कचेरीच्या शिपायाने त्याचे नाव पुकारले तेव्हा त्याचा एक गाल अजून साबणात होता, आणि तो तसाच बसून राहिला.