परवानगीवाले भाऊजी

कचेरीत जाऊन परवानगी मागणं ज्याला सणासारखं वाटतं असा माणूस साऱ्या भंडारा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा आहे. भाऊजी इंटरनेटची फायबर केबल जमिनीखालून टाकणाऱ्या एका ठेकेदाराकडे कामाला आहेत. खोदणारे वेगळे, केबल ओढणारे वेगळे. भाऊजींचं काम म्हणजे रस्ता खोदायच्या आधी ज्याचा त्याचा होकार मिळवून आणणं. नगर परिषदेचा, बांधकाम खात्याचा, पाणीपुरवठ्याचा, वाहतूक पोलिसांचा. या फेऱ्यांत दुसऱ्या कुणाच्या चपला आणि स्वभाव दोन्ही झिजले असते. भाऊजींचं वजन वाढलं. ‘साहेब जेवायला गेले’ हे ऐकून लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. भाऊजी मात्र खूश होऊन शिपायाजवळ बसतात, त्याच्या डब्यातली वांग्याची भाजी चाखतात, आणि साहेब हात धुऊन येईपर्यंत शिपायाच्या मुलीसाठी साकोलीकडचं एक स्थळही सुचवून झालेलं असतं. एकदा मी वैतागून म्हणालो, “भाऊजी, ते तोंडावर नाही म्हणतात, तरी तुम्ही हसता कसे?” तर म्हणाले, “अरे बापा, नाही म्हनले म्हनजे बोलले तं खरे ना! बोललेच नसते तं मी काय केलं असतं?”

ही सवय त्यांनी कचेरीतून घरी आणली की घरून कचेरीत नेली, यावर आमच्याकडे मतभेद आहेत. स्वतःच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभं राहून ते “आत येऊ का?” असं विचारतात. माझी आई त्यांच्यावर बेहद्द खूश. “जवाईबापू लय मर्यादेचे,” असं ती पाहुण्यांना ऐकवते. ताईचं म्हणणं वेगळं आहे. “स्वतःच्या घरी पोळी मांगून खाते हा माणूस! मी माहेरी राहिली तं हा उपाशी मरन, पन डब्याचं झाकन उघडनार नाही.”

पण एके काळी हेच भाऊजी कुणालाच काही विचारत नसत. माझ्या लग्नात ते या कामावर नवेच लागले होते आणि शहराचे नकाशे पाहून पाहून त्यांना जमिनीखालचं सगळं दिसायला लागलं होतं. मंडपवाला लोखंडी खुंटा कुठे ठोकावा म्हणून घुटमळत होता. भाऊजींनी बोट दाखवलं. “अथी ठोका बिनधास्त, खाली काहीच नाही!” खुंटा गेला आणि पाण्याचा असा फवारा उडाला की नवरदेवाच्या आधी बँडवाल्यांची हळद उतरली. मुहूर्त टळता टळता वाचला. भाऊजी दुसऱ्या दिवशी अगदी गंभीर होऊन मला म्हणाले, “नकाशा खोटं नाही बोलत रे. त्याले फक्त मालूम नसते. जे अथी राहतेत, त्यायले इचाराले पायजे.” तेव्हापासून सगळ्या कचेऱ्यांचे शिक्के मिळाल्यावरही ते रस्त्यावरच्या प्रत्येक घराला, पानठेल्याला आणि शिंप्याला स्वतंत्र विचारतात. हे काम त्यांना कुणी दिलेलं नाही. रस्त्यात झोपलेल्या कुत्र्याला उठवण्याआधीसुद्धा ते जरा खाकरतात.

गेल्या उन्हाळ्यात त्यांची केबल आमच्या गल्लीत यायची होती. माझं तिथे झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. तेव्हा इंटरनेट इतकं रडत चालायचं की पडद्यावर गोल फिरणारं चाक मी आणि गिऱ्हाइकं मिळून तासन् तास बघत बसायचो. अ‍ॅडमिशनचे दिवस तोंडावर होते. पावसाळ्यात खोदकामाला परवानगी नसते, म्हणजे आता राहिलं तर थेट दिवाळीनंतर. वर ठेकेदारानं भाऊजींना बजावलं होतं की ही गल्ली लटकली तर तो दुसरा माणूस बघेल.

कागद सगळे आले. काँक्रीट फोडायचं मशीन घेऊन माणसं आली. आणि गल्लीच्या मधोमध, नव्या कोऱ्या सिमेंटच्या रस्त्यावर, समोरच्या घरातल्या काकू बाज टाकून चिंचा फोडत बसल्या होत्या.

“काकू, उठा. परमिशन आहे आमच्याजवळ,” मुकादम म्हणाला.

“कोनाची?”

“नगर परिषदेची.”

“मंग तथीच जाऊन खोदा ना.”

मुकादमानं भाऊजींच्या कानाला लागून पोलिसांना फोन करायला सांगितलं. भाऊजींनी कागद पिशवीत घातले, बाजेजवळ रस्त्यावरच मांडी घातली आणि विचारलं, “काकू, मी बी फोडू का चिंचा?”

चिंचा फोडता फोडता गोष्ट बाहेर आली. काका जवाहरनगरच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले. काही वर्षांपूर्वी कुणीतरी पाइपासाठी त्यांच्या फाटकासमोर नाली खोदली आणि तशीच उघडी टाकून निघून गेलं. दिवेलागणीला काका दूध घेऊन येत होते, ते त्यात पडले. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण काकांनी नंतर फाटकाबाहेर पाऊल टाकलं नाही. वॉकर घेऊन अंगणात फिरायचे आणि फाटकापासून मागे वळायचे.

“संक्रांतीले हा रस्ता झाला,” काकू म्हणाल्या. “मी रोज झाडतो. यायले म्हनतो, पहा, कसा सपाट आहे, या बाहेर. आज ना उद्या येतीन बी. अन् तुमी फोडाले आले.”

काका ओसरीवरून सगळं ऐकत होते. भाऊजींनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, हात झटकले आणि माझ्या दुकानात येऊन ठेकेदाराला फोन लावला. त्या दिवशी मी कितीतरी वर्षांनी त्यांच्या तोंडून प्रश्नचिन्ह नसलेली वाक्यं ऐकली.

“साहेब, मी इचारून नाही राहिलो, सांगून राहिलो. हा रस्ता फुटनार नाही. खालून बोअर मारा.”

रस्त्याखालून आडवं भोक पाडणारं मशीन गोंदियाकडे गुंतलेलं होतं. पलीकडून बराच आवाज चढला. भाऊजींचाही चढला. “मंग माया जागी दुसरा पाठवा! पन त्याले बी याच बाजेपाशी या लागन!”

फोन ठेवून ते स्टुलावर बसले. मी पाणी दिलं. “जादा बोललो का रे?” ते म्हणाले. पुढचे काही दिवस ठेकेदाराचा फोन आला नाही. ताई मला सांगायची, “आता पोळी बी नाही मांगत हा. म्हनते, नौकरी गेली तं मी परवानगी कोनाले मांगू?”

आभाळ भरायला लागलं त्या आठवड्यात ठेकेदारानं गोंदियाकडचं ते मशीन पाठवलं. काँक्रीटला धक्का लागणार नव्हता, पण दोन्ही बाजूंना एकेक खड्डा करावा लागणार होता आणि त्यातला एक नेमका काकूंच्या फाटकाशी. भाऊजींनी हे काही न लपवता फाटकाबाहेर उभं राहून सांगितलं.

“आजच्या आज बुजला पायजे,” काकू म्हणाल्या. “अन् तोवर तुमी जागचं हलाचं नाही.”

भाऊजी हलले नाहीत. काकूंचीच बाज खड्ड्याशेजारी टाकून, डोक्यावर छत्री धरून, ते दिवसभर तिथे बसून राहिले. केबल पार झाली. दुपार कलल्यावर खड्ड्यात मुरूम पडला, पाणी मारलं, धुम्मसनं ठोकून झालं, पुन्हा मुरूम, पुन्हा ठोकणं. मग भाऊजींनी चपला काढल्या आणि त्या जागेवर आपल्या सगळ्या वजनानिशी उड्या मारल्या. गल्लीतली माणसं हसत होती. तेवढ्यात फाटक वाजलं.

“अवो, कुठं चालले?” काकू म्हणाल्या.

“पाहून येतो,” काका म्हणाले.

त्यांनी वॉकर मुरुमावर ठेवला, दाबून पाहिला. मग एक पाय. भाऊजी पटकन जवळ गेले आणि हळूच म्हणाले, “धरू का?”

“नोका धरू. सोबत चाला.”

दोघं गल्ली ओलांडून माझ्या दुकानापर्यंत आले. काका खुर्चीत टेकले, श्वास घेतला, आणि वर बघून माझ्या दुकानाची पाटी मोठ्यानं वाचली. काकू बाजेच्या दांडीला धरून तिथेच उभ्या होत्या. पदर डोळ्यांना लावला की काय, ते मी नीट पाहिलं नाही.

आता माझ्याकडे अर्ज बसल्या बसल्या जातो. गिऱ्हाईक येतं, काम होतं, निघून जातं. गप्पा कमी झाल्या. भाऊजी तुमसरकडे असतात. त्यांची लाइन चिखल्याच्या दिशेनं निघाली आहे आणि वाटेतल्या गावांत विचारायला घरं पुष्कळ आहेत, त्यामुळे येणं क्वचितच होतं. ताई म्हणते, घर फार गप्प झालं आहे.

काका मात्र रोज संध्याकाळी येतात. वॉकर सुटला, आता काठी आहे. काम काही नसतं. बसतात आणि विचारतात, “तुहे भाऊजी कुठवर पोचले?”

“चिखल्याकडे, काका.”

“लांब आहे का?”

“लांब आहे. बसनं जा लागते.”

“पाहू,” काका म्हणतात. “हळूहळू.”

आज ते उठले, पण घराकडे वळले नाहीत. काठी टेकत, मध्ये एकदा थांबून, पार गल्लीच्या टोकापर्यंत गेले. मी हातातला कागद तसाच धरून दुकानाच्या दारात उभा राहिलो.